सोमवारचे पाळणे

बेबी, तू गेल्याचं मला बाजारात कळलं.

नेहमीसारखी पिशवी घेऊन आले, तर तुझी जागा मोकळी. फळी कोरडी पडलेली. तू लवकर उठून गेलीस तरी तिच्यावर ओलं गोणपाट टाकून जायचीस, तेही नव्हतं. शेजारी बसणाऱ्या कमळाबाईनं पापलेट कापता कापता, वर न बघता सांगितलं, "बेबी गेली गो बाय." मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. मला वाटलं, कुणाच्या लग्नाकार्याला गेली असशील. कमळाबाईनं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शुक्रवारी दुपारी बाजारातून घरी गेलीस, जेवलीस, जरा आडवी होते म्हणालीस. सुनेनं चहाला हाक मारली तेव्हा उठली नाहीस. मला हे कळेपर्यंत तुझं सगळं उरकलंसुद्धा होतं.

मला कळवणार तरी कोण? तुझ्या घरात मला ओळखणारं कुणी नव्हतं, माझ्या घरात तुला ओळखणारं कुणी नव्हतं. काय करावं सुचेना, म्हणून कमळाबाईकडून बोंबील घेतले. घरी येऊन साफ केले, रवा लावून तळले. जेवताना हे म्हणाले, आज जरा खारट झालेत. मी म्हटलं, झालेत खरे.

साठीच्या बाईला बेबी म्हणायला सुरुवातीला माझी जीभ वळत नव्हती. आम्ही साताऱ्याकडची माणसं. ह्यांची वाशीच्या मार्केटात नोकरी, म्हणून नेरूळला आलो आणि इथलेच झालो. आमच्याकडं मासळी म्हणजे नदीचे चार मासे, तेही कधीमधी. खाडीची मासळी घ्यायला मला तू शिकवलंस. कल्ला उचलून आतला रंग बघायचा, बोटानं दाबायचं, आणि विकणारी फार गोड बोलायला लागली की पुढच्या फळीवर जायचं. तू स्वतः कधी गोड बोलली नाहीस. मी तुला मावशी म्हणत होते, तू मला ताई. कित्येक वर्षं आपलं नातं तेवढंच होतं, बांगडा आणि कोळंबीपुरतं.

मग ती सीवूड्सच्या मैदानावरची जत्रा. जत्रा कसली, आनंदमेळाच तो. माझी नात पुण्याहून आली होती, तिला आकाशपाळणा दाखवायला मी घेऊन गेले. रांगेत उभं राहिल्यावर तिनं वर बघितलं आणि माझ्या पदरात तोंड लपवून रडायलाच लागली. पुढं तू उभी होतीस. अंबाड्यात अबोलीचा गजरा, हिरवी साडी. बाजाराबाहेर तुला मी पहिल्यांदाच बघत होते. पाळणेवाला तुझ्याशी हुज्जत घालत होता. एका पाळण्यात एकटं माणूस बसवत नाही, तोल जातो, असं त्याचं म्हणणं. तू मागं वळलीस, मला ओळखलंस आणि जसं काही रोजचंच असावं तसं म्हणालीस, "ताई, तुझी नात घाबरली नं? मंग तू ये. हा मना एकटीला बसवत नाय."

नातीला बरोबर आलेल्या शेजारच्या वहिनींजवळ दिलं आणि मी बसले. का बसले ते आजही सांगता येणार नाही. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही बहुतेक.

मी डोळे गच्च मिटून घेतले होते. तू पहिल्याच फेरीला ओरडलीस. भीतीनं नाही, ते मला डोळे मिटूनही कळलं. पोटातून, घसा फाटेस्तोवर ओरडत होतीस. खाली उतरल्यावर तुझा गजरा कानावर आला होता आणि तू बाजारात दिसतेस तशी अजिबात दिसत नव्हतीस. म्हणालीस, सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी असतं, सोमवारी येशील का.

असे आपले सोमवार सुरू झाले. मेळा कधी सीवूड्सला असायचा, कधी बेलापूरला, कधी पार खारघरला. कुठं लागलाय याची बातमी तुझ्याकडं आधी यायची. आकाशपाळण्यावरून आपण कोलंबसावर गेलो, ती मोठी होडी दोन्ही बाजूंना झुलते ना, ती. मग टोराटोरा, मग ते गरगर फिरणारे कप. आणि श्रावण तर आपला मोसमच. सगळं गाव मासळी सोडतं, तू महिनाभर मोकळी. लोक उपास करायचे, आपण एसटीत बसून लांबच्या पार्कात जायचो. एका पाण्याच्या पार्कात साडीला परवानगी नव्हती. तिथं भाड्यानं नायलॉनचे कपडे देतात, गुडघ्याखाली येणारी विजार आणि सदरा. कपडे बदलायच्या खोलीत आपण एकमेकींकडं बघितलं आणि मला हसू आवरेना. तू मात्र आरशापुढं उभी राहून आपल्या पोटऱ्या बघत होतीस. म्हणालीस, लग्नानंतर त्यांना ऊनच लागलेलं नाही.

बचत गटाच्या सहलीत मी तुला पाहुणी म्हणून रायगडाला नेलं, तेही रोपवेसाठीच. बाकीच्या बायका गड बघत होत्या. तू परत खाली जाऊन पुन्हा वर येता येईल का, याची चौकशी करत होतीस. उंचावर गेलीस की तू आधी पाणी शोधायचीस. खाडी कुठं, तुझं करावे गाव कुठल्या बाजूला. आकाशपाळणा माणसं घ्यायला थांबला आणि आपण नेमक्या वर असलो, की आपलं ठरलेलं भांडण व्हायचं. खाडीपलीकडं दिवे लागलेले असायचे. मी म्हणायचे, ते उलवे. तू म्हणायचीस, उलवा असा नाहीच, तिकडं माझ्या मामाचं गाव, तिथं संध्याकाळ झाली की काळोख असतो. मी म्हणायचे, अगं आता तिथं इमारती झाल्यात. तू ऐकायची नाहीस. तुला ठाऊक नव्हतं असं नाही. तुला कबूल करायचं नव्हतं.

मी कधी ओरडले नाही, यावरून तू मला फार बोलायचीस. "वरड की गो. तोंड कशाला आवललंस?" मी दात आवळून बसायचे, दांडी धरून. आमच्याकडं बाई मोठ्यानं हसली तरी माजघरातून खाकरणं ऐकू यायचं, ओरडायचं कुठलं! एकदा कोलंबसावरून उतरून आपण बाकावर कणीस खात बसलो होतो. मी सहज विचारलं, तू एवढी काय ओरडतेस, भीती तर तुला वाटत नाही. तू कणसाचे दाणे नखानं सोडवत होतीस. मग दीपकचं सांगितलंस, खाडीकाठच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेलेल्या तुझ्या थोरल्या मुलाचं. त्याला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि माझ्यापाशी त्याचं नाव तू पहिल्यांदा घेत होतीस. नवरा तर त्या धक्क्यानं अंथरुणालाच लागला आणि वर्षाच्या आत गेला. धाकटा लहान होता. तू म्हणालीस, "सगली रडत व्हती. मंग चूल कोन पेटवनार व्हता?" आणि दाणे तोंडात टाकून म्हणालीस, "इथं वरडला तं कोन इचारत नाय बाय, काय झाला म्हनून."

मी तुझ्या हातावर हात ठेवायला हवा होता. माझ्या एका हातात कणीस होतं, एका हातात दोघींच्या पिशव्या. आणि मला वाटलं, हात ठेवला तर तू सांगायचं थांबशील. त्यानंतरही आपण त्यावर कधी बोललो नाही. पण पुढच्या सोमवारपासून, तू ओरडत असताना मी डोळे उघडे ठेवायला शिकले. ते तुझ्या लक्षात आलं होतं का?

गेल्या वर्षी तुला धाप लागायला लागली. बाजारात टोपली उचलताना थांबायचीस, फळीला टेकायचीस. डॉक्टरांनी हृदयाची झडप बिघडल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, जड उचलू नका म्हणाले. तू मला हे असं सांगितलंस, जसं कोळंबी आज महाग आहे. तरी श्रावण लागल्यावर खोपोलीकडच्या त्या मोठ्या पार्काचं काढलंसच. तिथल्या त्या रुळांवरून उलटीपालटी होणाऱ्या गाडीत तुला बसायचंच होतं. मी म्हटलं, जाऊ, पण त्या गाडीत बसायचं नाही. तू म्हणालीस, बघू.

रांगेत फलक होता. हृदयाचं चित्र आणि त्याच्यावर लाल रेघ. तू त्याच्याकडं पाठ करून उभी राहिलीस. आपला नंबर आला, तू आत बसलीससुद्धा, पट्टा ओढून घेतलास. मी बाहेरच थांबले होते. आणि मी तिथल्या माणसाला सांगितलं की ह्या बाईला हृदयाचा आजार आहे. त्यानं तुला उतरवलं, अगदी अदबीनं. मागचे लोक बघत होते. तू उतरलीस, पदर सारखा केलास आणि एवढंच म्हणालीस, "तुना कोनी सांगितला मदी बोलाया?"

येताना एसटीत तू पुढं बसलीस, मी मागं.

श्रावण संपला, बाजार पुन्हा भरला. मी तुझ्याकडंच यायचे. तू मला मासळी द्यायचीस, चोख वजन, आणि ताई म्हणायचीस. पहिल्यासारखं, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मला घरी आल्यावर जेवण जायचं नाही. हे विचारायचे, बरं नाही का. काय सांगू? ज्या बाईला हे ओळखत नाहीत, ती माझ्याशी बोलत नाही, हे दुःख ह्यांना कसं समजावू? मुलं पुण्याला, ह्यांचा दिवस टीव्हीपुढं. माझ्या आयुष्यात रुसण्याइतकं जवळचं माणूस तू एकटीच उरली होतीस, हे मला त्या महिन्यात कळलं. तुला मात्र सांगितलं नाही.

गणपती गेल्यावर एक दिवस तू पिशवीत एक बांगडा जास्तीचा टाकलास आणि दुसरीकडं बघत म्हणालीस, बेलापूरला मेळा लागलाय. मी आले. रांगेत उभ्या असताना मला राहवेना. मी म्हटलं, "तू मेली असतीस त्या गाडीत."

"मंग? हसत गेली असती."

"आणि मी? मी खाली उभी असते, तुझ्या पिशव्या घेऊन."

तू माझ्याकडं बघितलंस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, पण तेवढ्यात पाळणा खाली आला आणि आपण बसलो. ते भांडण तिथंच राहिलं, बेबी. मी ते अजून करते. भांडी घासताना करते. तू शेवटी जमिनीवर, चटईवर, कुणाला कळू न देता गेलीस. मग त्या दिवशी तुला उतरवून मी काय मिळवलं, असं तू विचारतेस. मी म्हणते, ते पुढचे सोमवार मिळवले. तू म्हणतेस, माझी ती गाडी मात्र राहिली. राहिली खरी. तरी पुन्हा वेळ आली, तर मी त्या माणसाला पुन्हा सांगेन, हे तू ऐकून ठेव.

त्यानंतर आपण फक्त आकाशपाळणाच केला. शेवटच्या वेळी तू ओरडली नाहीस. म्हणालीस, आज नुसतं बघू. वर थांबलो तेव्हा पलीकडून, नव्या विमानतळावरून, एक विमान उठलं. दिवे लुकलुकत आपल्या जवळजवळ समोरून वर गेलं. तू विचारलंस, "त्याच्यान बसला तं पट्टा बांधतात नं?" मी हो म्हटलं. "मंग बरा हाय," म्हणालीस. आणि माझ्या खांद्याला टेकलीस. गजऱ्याचा वास, त्याच्याखाली थोडा मासळीचा. पाळणा खाली आला तरी तू तशीच होतीस, पाळणेवाल्याला हाक मारावी लागली.

तुझ्या बाराव्याला मी कराव्याला गेले. कमळाबाईकडून घर विचारून घेतलं. इतकी वर्षं खाडीवरून बोट दाखवायचीस, ते गाव मी पहिल्यांदाच आतून बघत होते. अंगणात मांडव होता. बायका चटईवर बसल्या होत्या, मी कडेला बसले. तुझा फोटो बघितला. कुठल्या तरी लग्नातला असावा, ओठ मिटलेले, पदर डोक्यावर. मला तो तुझा वाटेना.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "तुमी कोन गो बाय?"

मी म्हटलं, "मासळी घ्यायचे त्यांच्याकडून."

ती म्हणाली, एवढ्यासाठी लांबून आलात, आमची बेबी होतीच तशी. मी मान हलवली. मग तुझी सून चहा घेऊन आली. नाकीडोळी नीटस, डोळे सुजलेले. बायका तुझं सांगत होत्या, तीही सांगायला लागली. "आई दर सोमवारी महादेवाला जायच्या. काय बी होऊ दे, त्यांनी सोमवार चुकवला नाय. श्रावणात तर लांबलांबच्या देवळात जायच्या, एकट्याच." बायकांनी हात जोडले. म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसले आणि पुण्यवान होती म्हणाली.

घरी काय सांगून येतेस, हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. तू शेजारी असतीस तर कोपरानं ढोसलं असतंस. मी कप ठेवला, फोटोला नमस्कार केला आणि निघाले.

रिक्षास्टँडपर्यंत गेले. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं. मी रिक्षात पाय टाकला आणि परत खाली घेतला. मासळी घ्यायचे त्यांच्याकडून! एवढंच सांगून मी तुझ्या दारातून उठून आले होते. 'एकट्याच' म्हणाली तुझी सून, आणि मी ते ऐकून घेतलं होतं.

मी परत फिरले. बायका पांगायला लागल्या होत्या, सून मांडवात भांडी गोळा करत होती. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मघाशी नीट सांगितलं नाही. मी मंदा. बेबीची मैत्रीण."

हा शब्द मी तुझ्यापुढं कधी वापरला नव्हता. तुझ्या माघारी, तुझ्या अंगणात वापरला.

तिनं हातातली भांडी खाली ठेवली. चटईवर बसली आणि सरकून मला जागा केली. मग तिनं विचारलं, "तुमी पन जायच्या काय त्यांच्यासंगं? सोमवारी?"

तिच्या मागं तुझा तो पदर घेतलेला फोटो. माझ्या ओठांवर कोलंबस आला होता, नायलॉनची विजार आली होती, दीपक आला होता. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि सगळं गिळलं.

"हो," मी म्हटलं. "दोघी जायचो."

तिला बरं वाटलेलं दिसलं. म्हणाली, आई एकट्या फिरतात म्हणून जिवाला घोर असायचा, कुणीतरी होतं हे चांगलं झालं. मग ती जी रडली, ते मला धरूनच रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे होते.

आता तुझं ते सगळं जगात मला एकटीला ठाऊक आहे, बेबी. कुणाशी बोलायची सोय नाही. मेळा लागलाय की नाही, हेही मला कुणी सांगत नाही. परवा मैदानावरून गाण्याचा आवाज येत होता, मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

त्या दिवशी निघताना तुझी सून दारापर्यंत आली होती. म्हणाली, ताई, येत्या सोमवारी मला न्याल त्या महादेवाला? आईंचा नेम मी चालवीन म्हणते. मी हो म्हणून बसले. दुसरं काय म्हणणार होते?

उद्या सोमवार. ह्यांना सांगितलंय, बेबीच्या सुनेबरोबर देवाला चाललेय. कोण बेबी, असं त्यांनी विचारलं, आणि टीव्ही बारीक केला. आज सगळी दुपार मी त्यांना तुझं सांगत बसले होते, महादेवाचंच. आणि आता शेजारणींना विचारत फिरतेय की इथं जवळपास, जरा डोंगरावर असलेलं, महादेवाचं एखादं बरंसं देऊळ कुठं आहे.